गॅस संपत नाही, गळतो: वाचकांचे एसीचे प्रश्न

मार्च अर्धा सरला की येणाऱ्या पत्रांत निम्मी एसीचीच असतात. मी या लाईनीत बत्तीस वर्षं आहे, परळच्या एका छोट्या दुकानात हेल्पर म्हणून लागलो तेव्हापासून, म्हणून सगळी पत्रं माझ्याकडे आली. जमली तेवढी घेतलीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: आमचा दीड टनचा स्प्लिट आहे, चार वर्षं झाली. दर उन्हाळ्यात मेकॅनिक येतो, म्हणतो गॅस संपला, भरावा लागेल. गेल्या वर्षी तीन हजार दिले, यंदा परत तेच. एसी जास्त वापरला की गॅस जास्त लागतो का? (एक ताई, लालबाग)

उत्तर: ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, एसीतला गॅस शेगडीच्या गॅससारखा जळत नाही. बंद पाईपात तोच गॅस गोल गोल फिरत असतो, वीस वर्षं एसी चालला तरी तो वापरून कमी होत नाही. कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि दर उन्हाळ्यात भरावा लागतोय म्हणजे ती गळती कुणी शोधलेलीच नाही.

हे फिरतं कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की मेकॅनिकला काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. इंजेक्शनच्या आधी नर्स दंडाला स्पिरिट लावते तेव्हा गार लागतं ना, ते स्पिरिट उडताना दंडाची उष्णता घेऊन जातं म्हणून. माठाचं तेच, बाहेर झिरपलेलं पाणी उडतं आणि आतल्या पाण्याची उष्णता ओढून नेतं. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो शेजारी जे असेल त्याच्याकडून घेतो. दुसरी गोष्ट कुकरची. पातेल्यात पाणी १०० डिग्रीला उकळतं, कुकरात शिट्टीच्या वजनाने प्रेशर वाढतं आणि तेच पाणी १२० च्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. प्रेशर वाढवलं की उकळायचं तापमान वर, प्रेशर पाडलं की खाली. माठ आणि कुकर, एवढ्या दोन गोष्टींवर अख्खा एसी उभा आहे.

तुमचा एसी चार वर्षांचा म्हणजे आत बहुतेक आर-३२ असेल, बाहेरच्या युनिटच्या नावपट्टीवर लिहिलेलं असतं. हा गॅस उघड्यावर उणे ५२ डिग्रीला उकळतो. घरातल्या कॉईलमध्ये त्याचं प्रेशर साधारण १२० ते १४० पीएसआय (पीएसआय हे प्रेशर मोजायचं माप) असतं, त्या प्रेशरला तो ५ ते ९ डिग्रीला उकळतो. तुमच्या खोलीतली हवा २८-३० ची, ब्लोअर ती कॉईलवरून ओढतो, हवेतली उष्णता घेऊन आतला गॅस उकळतो आणि हवा गार होऊन बाहेर पडते. ती वाफ जाड पाईपातून बाहेरच्या युनिटमध्ये जाते, तिथे कॉम्प्रेसर तिला दाबून ४०० पीएसआयच्या घरात नेतो. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड कसं तापतं, तशी ती वाफ तापते, कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या पाईपाला हात लावला तर चटका बसतो. आता एवढ्या प्रेशरला ही वाफ ४५-४६ डिग्रीलाच परत पातळ व्हायला लागते, आणि आपल्याकडची भर दुपारची हवा ३४-३५, म्हणजे गॅसच्या हिशोबाने ती गारच झाली, म्हणून पंखा जी हवा फेकतो तिच्यातून उष्णता निघून जाते. पातळ झालेला गॅस मग कॅपिलरीत शिरतो, ही तांब्याची बारीक नळी, आतलं भोक जेमतेम एक-दीड मिलिमीटर, त्यातून पलीकडे निघेपर्यंत प्रेशर पार खाली आलेलं असतं, आणि गार झालेला गॅस परत आतल्या कॉईलकडे जातो. कॉम्प्रेसर, बाहेरची कॉईल, कॅपिलरी, आतली कॉईल, एवढेच चार भाग. गारवा कुठे तयार होतच नाही, तुमच्या खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकली जाते.

आता गॅस कमी झाला की काय होतं बघा. आतल्या कॉईलमधलं प्रेशर पडतं, प्रेशर पडलं की उकळायचं तापमान शून्याच्या खाली जातं आणि कॉईलवर बर्फ धरतो. लोकांना वाटतं बर्फ आलाय म्हणजे एसी जोरात चाललाय, पण त्या बर्फातून हवाच जात नाही, खोली गरमच राहते. शिवाय कॉम्प्रेसर स्वतः थंड राहतो तो परत येणाऱ्या गार गॅसमुळे, तो गॅसच कमी झाला की कॉम्प्रेसर तापून तापून जळतो. (बर्फ नुसत्या धुळीने भरलेल्या फिल्टरमुळेही येतो, म्हणून कुणालाही बोलावण्याआधी फिल्टर काढून नळाखाली धुवा, कित्येकदा काम तिथेच होतं.)

दोनेक वर्षांपूर्वी गिरगावात एका आजोबांकडे गेलो होतो, त्यांनी चार वेळा गॅस भरून घेतला होता. मी आधी टॉर्च मारून पाईप नुसते बघितले. बाहेरच्या युनिटला जिथे बारीक पाईप जोडतात त्या फ्लेअर नटखाली (पाईपाचं फुलासारखं पसरवलेलं टोक दाबून धरणारा नट) तेलकट काळा डाग होता आणि त्यावर धूळ चिकटलेली होती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही फिरत असतं, गॅस निसटतो तिथे ते तेलही येतं, म्हणून असा डाग दिसला की आधी तिथेच बघायचं. साबणाचा फेस ब्रशने लावला आणि बघत बसलो. पंधरा-वीस सेकंद काहीच नाही, मग नटच्या कडेला साबुदाण्याएवढा एक बुडबुडा आला, हळूहळू फुगला, फुटला, परत तिथेच दुसरा. आजोबा शेजारी उभे राहून बघत होते, म्हणाले एवढ्यासाठी दहा हजार गेले माझे. आधीच्या कुणीतरी नट जोर लावून आवळला होता आणि आतल्या तांब्याच्या फुलाला चीर गेली होती. पाईपाचा इंचभर तुकडा कापला, नवीन फ्लेअर केला, तो एसी अजून व्यवस्थित चालतोय.

म्हणून ताई, यंदा मेकॅनिकला सांगा, आधी लीक दाखव मग गॅस भर. नीट काम म्हणजे असं, पाईपात नायट्रोजन भरून प्रेशर टिकतंय का बघायचं, सगळ्या जोडांना साबण लावायचा, सापडेल तो जोड दुरुस्त करायचा, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल पूर्ण काढायची, आणि शेवटी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून नावपट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढा गॅस सोडायचा. व्हॅक्यूमच्या वेळी घाई करू देऊ नका. आपल्या मुंबईच्या हवेत पाणी भरपूर, ते पाईपात राहिलं की आतल्या तेलाशी मिळून ॲसिड बनतं आणि ते मोटरची वायंडिंग खातं. पंप प्रेशर इतकं पाडतो की ते पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जातं, कुकरच्या बरोबर उलटं. अर्धा तास पंप चालला पाहिजे, आणि पंप बंद केल्यावर मीटरचा आकडा जागेवर राहिला पाहिजे. "थोडा गॅस सोडून हवा काढली" असं कुणी म्हणालं तर ते काम अर्धवट आहे, पैसे देऊ नका.

प्रश्न: सहा वर्षांच्या नातवाने विचारलंय, फ्रिजचा दरवाजा उघडा ठेवला तर किचन गार होईल का? मला उत्तर देता आलं नाही. (एक आजी, मुलुंड पूर्व)

उत्तर: आजी, नातवाला म्हणावं फ्रिजच्या मागे किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून बघ, कोमट लागतो. फ्रिजने भाजीतली, दुधातली उष्णता काढली ती तिथे टाकली, म्हणजे तुमच्याच किचनमध्ये. दरवाजा उघडा ठेवला तर तो किचनची उष्णता घेऊन किचनमध्येच टाकत बसेल, वर मोटरने खाल्लेली वीजही शेवटी उष्णताच होते, म्हणजे किचन थोडं गरमच होईल. एसीचं अर्धं अंग भिंतीबाहेर असतं म्हणून खोली गार होते, बाकी दोघांच्या आत मशीन एकच. फार छान प्रश्न आहे, त्याला सांगा.

प्रश्न: आम्ही वर्सोव्याला समुद्रापासून दोन मिनिटांवर राहतो. बाहेरच्या युनिटच्या जाळीचा पांढरा भुगा होऊन पडतोय, पाचव्या वर्षी कॉईल बदलायला सांगितली. भावाचं घर नाल्याजवळ आहे, त्याच्या एसीचं तांबं काळं पडून दोन वेळा गळलं. यावर काही उपाय? (एक वाचक, वर्सोवा)

उत्तर: दादा, दोन्ही घरांचा आजार वेगळा आहे. तुमच्याकडे पाईप तांब्याचे आणि त्यावरच्या पातळ पट्ट्या, ज्याला आम्ही फिन म्हणतो, त्या ॲल्युमिनियमच्या. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि वरून खारट ओल, म्हणजे ती बॅटरीच झाली, आणि त्यात ॲल्युमिनियम आधी झिजतं. तोच तो पांढरा भुगा. फिनचं काम पाईपातली उष्णता हवेत पसरवायचं, त्या गेल्या की कॉईल शाबूत दिसली तरी उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसरवर प्रेशर चढतं, बिल वाढतं. महिन्यातून एकदा, पावसाळा सोडून, बाहेरची कॉईल साध्या गोड्या पाण्याने धुवा, एसी आणि मेन स्विच बंद करून, पाण्याची धार हलकी ठेवून, मीठ निघून जाणं महत्त्वाचं. सर्व्हिसवाले जोराच्या जेट पंपाने मारतात तेव्हा फिन झोपतात आणि हवेची वाटच बंद होते, ते करू देऊ नका. ॲसिडच्या लिक्विडने चकाचक करून देतो म्हणाला तर अजिबात नको. नवीन घेताना फिनवर निळा किंवा सोनेरी थर दिलेली कॉईल घ्या, तो थर कायमचा नसतो पण काही वर्षं वाढतात.

भावाकडे नाल्यातून हायड्रोजन सल्फाईड येतो, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा. तो तांब्याला काळं करतो आणि हळूहळू टाचणीएवढी भोकं पाडतो, ही भोकं बहुतेक घरातल्या कॉईलमध्ये पडतात कारण तीच हवा खिडकीतून आत येत असते. वेल्डिंग करून एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं, त्यामुळे काळ्या पडलेल्या कॉईलवर परत परत पैसे घालण्यात अर्थ नाही, कॉईल बदला, आणि नवी बसवाल ती तांब्यावरही थर दिलेली मागा. नाल्याकडची खिडकी बंद ठेवता आली तर फार फरक पडेल.

प्रश्न: रात्रभरात ड्रेन पाईपखाली बादली भरते. हे पाणी कुठून येतं, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातलं तर चालेल का? डिस्टिल्ड वॉटर म्हणतात तेच ना हे? (एक वाचक, भांडुप)

उत्तर: ते तुमच्या खोलीतल्या हवेतलं पाणी आहे. फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवली की तिला कसा घाम येतो, तसा आतल्या गार कॉईलला घाम येतो, तो खालच्या ट्रेमध्ये जमून पाईपातून बाहेर पडतो. मुंबईत हे काम एसीला फार करावं लागतं. एक लिटर पाणी हवेतून काढायला साधारण पाऊण युनिटएवढी उष्णता उचलावी लागते, दीड टनचा एसी तासाला दीड लिटर पाणी काढत असेल तर त्याची पाचवा हिस्सा ताकद नुसती हवा सुकवण्यात जाते. नागपूरचा पाहुणा म्हणतो ना, तुमच्याकडे ३३ डिग्रीलाही जीव नकोसा होतो, ते या पाण्यामुळेच, अंगावरचा घाम उडतच नाही. मजेची गोष्ट म्हणजे पहिला आधुनिक एसी माणसांसाठी झालाच नव्हता. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यात ओलीमुळे कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते, त्यासाठी विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनियरने हवा सुकवायची यंत्रणा बनवली, माणसांच्या खोल्या त्यानंतर आल्या.

बॅटरीत मात्र घालू नका. पाणी वाफेतून आलेलं असलं तरी कॉईलवरची धूळ, धातूचे कण, ट्रेमधला शेवाळासारखा चिकटा हे सगळं घेऊन येतं, बॅटरी खराब होईल. प्यायचं तर अजिबात नाही. लादी पुसायला, संडासात टाकायला, कुंड्यांना खुशाल वापरा.

आणि ड्रेन पाईप शेजाऱ्याच्या खिडकीवर टपकत ठेवू नका हो, सोसायटीतली किती भांडणं मी यावरून बघितलीत.

प्रश्न: आमच्या टॉवरमध्ये आउटडोअर युनिट बिल्डरने डक्टमध्ये लावायला जागा दिली आहे. सकाळी, रात्री एसी छान चालतो, दुपारी तीनच्या सुमारास ट्रिप होतो. मेकॅनिकने कपॅसिटर बदलला, पीसीबी बदलायला सांगतोय. (एक वाचक, कांदिवली पूर्व)

उत्तर: पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट बोर्ड, लगेच बदलू नका. डक्टमध्ये जाऊन दुपारी तीनला युनिटच्या मागची हवा किती डिग्रीची आहे ते साध्या थर्मामीटरने बघा. दीड टनचा एसी तुमच्या खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता उचलतो, वर कॉम्प्रेसर दीडेक किलोवॅट वीज खातो तीही उष्णता होते, असे पावणेसात किलोवॅट त्या अरुंद डक्टमध्ये जातात, आणि एकावर एक पंधरा मजल्यांची युनिटं तेच करत असतात. खालच्याने फेकलेली गरम हवा वरचा ओढतो, स्वतः फेकलेली समोरच्या भिंतीला आपटून परत त्याच्याच मागे येते. वर सांगितलं ना की ४५-४६ च्या गॅसला ३५ ची हवा गार वाटते म्हणून उष्णता निघते, डक्टमध्ये तीच हवा ५० ची झाली तर गॅसला पातळ व्हायला ६० च्या वर चढावं लागतं, प्रेशर कुठच्या कुठे जातं, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि ओव्हरलोड, म्हणजे करंट फार वाढला की वीज तोडणारा भाग, त्याला वाचवायला ट्रिप करतो. मशीन शहाणपणाने वागतंय, चूक जागेची आहे.

उपाय म्हणजे युनिटचं तोंड उघड्या बाजूला वळवा, समोर निदान तीन-चार फूट मोकळं हवं, नाहीतर पत्र्याचा छोटा हूड लावून गरम हवा डक्टच्या बाहेरच्या बाजूला ढकला. लोखंडी जाळी दाट असेल तर ती उघडी करा, कबुतरांसाठी लावलेली बारीक नेट हवा फार अडवते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा, एकट्याने करून अर्धाच उपयोग होईल. बिल्डर नकाशा काढताना ही जागा फक्त इलेव्हेशन, म्हणजे इमारतीची दर्शनी बाजू, सुंदर दिसावं म्हणून लपवतात आणि पुढची तीस वर्षं राहणारा बिल भरतो, मला या गोष्टीचा मनापासून राग आहे.

प्रश्न: एसी चुकून बंद केला आणि लगेच चालू केला तर तीन मिनिटं नुसता पंखा फिरतो, गार हवा येत नाही. बिघडलाय का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर: नाही. बंद केल्यावर एका बाजूला जास्त प्रेशर आणि दुसऱ्या बाजूला कमी असं राहिलेलं असतं, ते कॅपिलरीतून हळूहळू सारखं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर कॉम्प्रेसरला उठायला लावणं म्हणजे चढावर भरलेल्या हातगाडीला जागेवरून धक्का मारण्यासारखं, म्हणून आतल्या टायमरने थांबवून ठेवलेलं असतं. जुन्या विंडो एसीत हा टायमर नसतो, तिथे तुम्ही स्वतः तीन मिनिटं थांबा.

प्रश्न: १८ वर लावला तर खोली लवकर गार होते का? घरात रोज वाद. (एक जोडपं, दादर)

उत्तर: नाही होत. साधा एसी एकाच वेगाने चालतो, १८ ला लावा की २४ ला, फरक एवढाच की १८ ला तो थांबतच नाही. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो, पण खोली ३२ ची असेल तर तो दोन्हीकडे जोरातच धावतो आणि २४ जवळ आल्यावर हळू होतो, तिथेच वीज वाचते. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये कॅपिलरीच्या जागी मोटरवर चालणारा बारीक व्हॉल्व्ह असतो, कॉम्प्रेसर हळू झाला की तोही गॅसची वाट अरुंद करतो. मेन स्विच लावल्यावर बाहेरच्या युनिटमधून थोडा वेळ टिकटिक ऐकू येते ना, तो व्हॉल्व्ह आपली सुरुवातीची जागा शोधत असतो. आपल्या देशात १ जानेवारी २०२० पासून स्टारवाल्या एसींचं सुरुवातीचं तापमान २४ च ठेवलंय, आणि सरकारी ऊर्जा खात्याचा हिशोब आहे की एक डिग्री वर ठेवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. २४-२५ ला लावा आणि वर छताचा पंखा एकवर. वाद मिटेल.

प्रश्न: माझा विंडो एसी पंधरा वर्षांचा, आर-२२ चा. मेकॅनिक म्हणतो आर-२२ महाग झालाय, आर-३२ भरून देतो, तेवढाच गार करेल. भरू का? (एक काका, माहीम)

उत्तर: काका, नका भरू, आणि त्या मुलालाही समजावून सांगा, कारण धोका त्याच्याच जिवाला जास्त आहे. ४५ डिग्रीला आर-२२ चं प्रेशर २४० पीएसआयच्या आसपास असतं, आर-३२ चं ३९०. तुमच्या एसीचे पाईप आणि कॉम्प्रेसर या प्रेशरसाठी बनलेलेच नाहीत. आर-२२ च्या कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल असतं, त्यात आर-३२ मिसळत नाही, म्हणजे तेल पाईपात अडकून राहणार आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होणार. शिवाय आर-३२ थोडा पेट घेणारा गॅस आहे, जुन्या एसीच्या स्विचमध्ये ठिणगी पडते. काही लोक तर घरगुती सिलिंडरचा गॅस भरतात असंही मी ऐकलंय आणि एकदा डोळ्यांनी बघितलंय, ते तर घरात बॉम्ब ठेवण्यासारखं आहे. प्रोपेनवर चालणारे एसी असतात, विक्रोळीच्या गोदरेजने ते आपल्याकडे बाजारात आणले, पण ते पहिल्यापासून त्याच गॅससाठी बनवलेले, गॅस मोजून कमी आणि आतलं वायरिंग ठिणगी न पडणारं.

आर-२२ महाग होतोय कारण तो ओझोनच्या थराला भोक पाडतो, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो जगभर बंद होत चाललाय, आपल्याकडे २०३० पर्यंत. आर-३२ ओझोनला त्रास देत नाही, पण तोही हवेत सोडला तर एक किलो म्हणजे ६७५ किलो कार्बन डायऑक्साईडएवढी उष्णता शंभर वर्षांत धरतो, म्हणून २०१६ च्या किगाली करारात अशा जातीचे गॅसही हळूहळू कमी करायचं ठरलं आणि भारताने २०२१ साली त्याला मान्यता दिली. तुमचा एसी गळत नसेल तर आहे तसा चालवा, गळायला लागला तर त्याच्यावर खर्च न करता नवीन घ्या, आणि जुना देताना आतला गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्यायला सांगा, पाईप कापून हवेत सोडू देऊ नका.

प्रश्न: मुलगी टोरांटोला आहे. तिच्या घरात हीटर नाही, हीट पंप आहे म्हणते, म्हणजे एसीच उलटा चालतो. बाहेर उणे दहा असताना त्यातून उष्णता कुठून येते? परवा म्हणाली बाहेरच्या युनिटमधून धुरासारखं निघत होतं आणि घरात पाच-दहा मिनिटं गरम हवा बंद झाली, आम्ही घाबरलो. इथे दुकानदार आम्हालाही हॉट अँड कोल्ड घ्या म्हणतोय. (एक वाचक, विलेपार्ले पूर्व)

उत्तर: आधी घाबरणं सोडा, तो धूर नव्हता, वाफ होती. सांगतो कशी ते.

हीट पंपात एसीचेच चार भाग असतात, वर एक चार तोंडांचा व्हॉल्व्ह जास्त. कॉम्प्रेसर गॅस नेहमी एकाच दिशेने ढकलतो, हा व्हॉल्व्ह ठरवतो की तापलेला गॅस आधी बाहेरच्या कॉईलकडे जाणार की आतल्या. आत एक सरकणारा तुकडा असतो, तो एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकला की फुस्स असा आवाज येतो आणि दोन्ही कॉईलची कामं अदलाबदल होतात. थंडीत तापलेला गॅस घरातल्या कॉईलमध्ये येऊन पातळ होतो, उष्णता घरात सोडतो, मग प्रेशर पडून बाहेरच्या कॉईलमध्ये उकळतो. उणे दहाच्या हवेत उष्णता कुठली असं वाटणं साहजिक आहे, पण आर-३२ उघड्यावर उणे ५२ ला उकळतो हे आठवा, प्रेशर पुरेसं पाडलं की तो उणे वीसला उकळतो, आणि त्या गॅसला उणे दहाची हवाही गरमच. तो तिच्याकडून उष्णता घेतो आणि घरात आणून टाकतो. विजेच्या साध्या हीटरला एक युनिट वीज दिली तर एकच युनिट उष्णता मिळते, हीट पंप बेताच्या थंडीत एका युनिटला तीनेक युनिट आणून देतो, थंडी वाढली की हा आकडा उतरतो, म्हणून तिकडे पुष्कळ घरांत जोडीला साधा हीटरही ठेवतात.

आता वाफेचं. बाहेरची कॉईल हवेपेक्षा गार असल्यामुळे हवेतली ओल तिच्यावर हिमासारखी धरते, काही वेळाने फिन भरून जातात. मग मशीन तो व्हॉल्व्ह थोडा वेळ उलटा फिरवतं, म्हणजे साधा एसी होतं, तापलेला गॅस बाहेर जाऊन बर्फ वितळवतो आणि त्या पाण्याची वाफ थंड हवेत ढगासारखी दिसते. तेवढ्या वेळात घरातली उष्णता वापरली जाते म्हणून आतला पंखा थांबवतात. हे दिवसातून अनेकदा होणारच. युनिटखाली साचलेला बर्फ आणि समोरचं स्नो मात्र तिला साफ करत राहायला सांगा.

तुम्हाला पार्ल्यात हॉट अँड कोल्डची गरज नाही. मुंबईत आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४ डिग्री, सांताक्रूझला, २२ जानेवारी १९६२ ला. तसा दिवस परत आला तरी एक शाल पुरेल. जादा व्हॉल्व्ह म्हणजे जादा चार ब्रेझिंगचे (धातू वितळवून केलेले) जोड, आणि गळती जोडावरच होते. तेच पैसे जास्त स्टारच्या मशीनवर घाला.

प्रश्न: मी आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड करतोय, दुसरं वर्ष आहे. सुट्टीत एका दादाबरोबर कामाला जातो. काय लक्षात ठेवू? (एक विद्यार्थी, कुर्ला)

उत्तर: बाळा, तू विचारलंस याचं फार बरं वाटलं. गेजचे दोन आकडे बघून गॅस कमी-जास्त सांगणारे पुष्कळ आहेत, तू पाईपाला हात लावून तापमान घ्यायची सवय लाव, जाड पाईप घामाने ओला आणि गार असला पाहिजे, बाहेरची हवा गरम पण भाजणारी नको, आणि करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरचा आकडा नावपट्टीशी जुळला पाहिजे, या तिन्हींचा मेळ बसला की निदान चुकत नाही. प्रेशर टेस्टला फक्त नायट्रोजन, तोही रेग्युलेटर लावून. ऑक्सिजन कधीच नाही, कॉम्प्रेसरच्या तेलाशी तो मिळाला की स्फोट होतो. कपॅसिटरला हात लावायच्या आधी मेन बंद कर आणि त्याची दोन टोकं रेझिस्टरने जोडून डिस्चार्ज कर, वीज गेली तरी त्याच्यात साठलेली असते. आर-३२ चा जोड उघडताना शेजारी शेगडी, अगरबत्ती काही पेटलेलं नको, खिडक्या उघड.

आणि सगळ्यात महत्त्वाचं छज्ज्याचं. माझ्याबरोबर शिकलेला एक मुलगा सायनला तिसऱ्या मजल्यावरून पडला, गंजलेल्या ब्रॅकेटवर पाय ठेवला होता त्याने. दादा म्हणेल दोन मिनिटांचं काम आहे, पटकन उतर. तू उतरू नकोस. पूर्ण अंगाचा पट्टा घाल, दोरी खिडकीच्या ग्रिलला बांधू नकोस, ग्रिल चार स्क्रूवर असते, घराच्या आतल्या पक्क्या खांबाला बांध, आणि दोरीजवळ आत एक माणूस उभा ठेव. मालक पट्टा देत नसेल तर आपल्या पैशाने घे.